केईएमला बाहेरगावचा पेशंट नेताना: कागद, वार, पास आणि उपाशीपोट

गुहागरची_सून

सासरे ६७ वर्षांचे, डायबेटीसच्या गोळ्या चालू. चिपळूणच्या सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसलेत आणि एक खडा पित्तनलिकेत आहे. डोळे पिवळसर, जेवण कमी, ताप नाही. तिथल्या डॉक्टरांनी एमआरसीपी (पित्तनलिकेचा एमआरआय) आणि नंतर ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून नलिकेतला खडा काढणं) लागेल असं सांगून परळच्या केईएमसाठी चिठ्ठी दिली आहे.

मुंबईत पुतण्या आहे, पण तो दिव्याला राहतो आणि त्याची शिफ्ट ड्यूटी. ओपीडीला किती वाजता पोचायचं? पहिल्याच दिवशी ॲडमिट करतात का? कागद कोणते लागतात? रेशनकार्ड केशरी आहे, पण त्यावर सासऱ्यांचं नाव एका तऱ्हेने आणि आधारवर दुसऱ्या तऱ्हेने आहे. सोबत किती जणांनी यायचं आणि राहायचं कुठे? माहीतगार मंडळींनी सविस्तर सांगावं.

---

भोईवाडा_नाका

ताई, बाकीचं नंतर वाचा, हे आधी. कावीळ आहे आणि नलिकेत खडा अडकलाय. अशा पेशंटला थंडी वाजून ताप आला, पोटात वर उजवीकडे दुखू लागलं, किंवा माणूस बरळू लागला, ग्लानीत गेला, तर ओपीडीच्या वाराची वाट बघायची नाही. तुंबलेल्या पित्तात जंतू वाढतात आणि काही तासांत रक्तात उतरतात. त्या अवस्थेत रात्रीच्या गाडीने मुंबई गाठायचा विचारही करू नका. १०८ ला फोन करा, जवळचं मोठं रुग्णालय गाठा. तिथे सलाईन आणि अँटिबायोटिक सुरू होऊ द्या, मग तिथूनच ॲम्ब्युलन्सने पुढे हलवा. मुंबईत असताना झालं तर थेट कॅज्युअल्टी. ती चोवीस तास उघडी असते आणि आधी केसपेपर काढा म्हणून कोणी अडवत नाही.

आता ओपीडी. केईएम आणि त्याला जोडलेलं सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज, दोन्ही १९२६ सालची. कॉलेजचं रुग्णालय असल्यामुळे इथलं सगळं काम 'युनिट'वर चालतं आणि बाहेरगावची माणसं नेमकी इथेच फसतात. एकेका विभागात दोन-तीन किंवा जास्त युनिटं असतात आणि प्रत्येक युनिटचे ओपीडीचे वार ठरलेले. आज ज्या युनिटने तपासलं, पुढे पेशंट त्याच युनिटचा. रिपोर्ट घेऊन भलत्याच वारी गेलात तर दुसऱ्या युनिटचे डॉक्टर 'तुमच्या वारी या' एवढंच म्हणतील. यात उर्मटपणा नसतो. पेशंटचा सगळा इतिहास ज्यांच्याकडे आहे त्यांनीच निर्णय घ्यावा, म्हणून तशी रीत आहे. पहिल्या दिवशी केसपेपर हातात आला की त्यावर विभाग, युनिट आणि वार वाचता येतोय का बघा. अक्षर लागलं नाही तर तिथल्या तिथे सिस्टरना विचारून पेनाने स्वच्छ लिहून घ्या. फोनवर कोणीही 'पेशंट कुणाचा?' असं विचारलं तर उत्तर डॉक्टरांच्या नावाने नाही, युनिटच्या नावाने द्यायचं.

वेळेचं म्हणाल तर नव्या केसपेपरची खिडकी सकाळची. अकरानंतर नवीन पेपर मिळेल ही आशा सोडा. अठराशे खाटा आणि वर्षाला अठरा लाखांच्या आसपास ओपीडी पेशंट, हा रुग्णालयाचा स्वतःचाच आकडा आहे. सुट्ट्या वगळून भागाकार केला तर रोजचे सहा हजार होतात. साडेसातला रांगेत उभं राहिलं की दहा-साडेदहापर्यंत डॉक्टरसमोर पोचता येतं, नवाला आलात तर दुपार झालीच म्हणून समजा. सोमवारी आणि सुट्टीनंतरच्या दिवशी गर्दी दीडपट वाटते. वार निवडायची मुभा असेल तर ते दिवस टाळा.

ईआरसीपी करतो तो गॅस्ट्रोएन्टरॉलॉजी विभाग, बोलीभाषेत 'गॅस्ट्रो'. पित्ताशय काढायचं काम सर्जरीचं. म्हणजे पुढे दोन विभागांच्या चकरा होणार. चिपळूणच्या चिठ्ठीवर 'गॅस्ट्रो' असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर निघण्याआधी लिहून घ्या. नाहीतर आधी मेडिसिन किंवा सर्जरीच्या ओपीडीत बसवतील, तिथून गॅस्ट्रोची चिठ्ठी मिळेल आणि त्यात एक दिवस जाईल.

पहिल्याच दिवशी ॲडमिशन? काविळीचं प्रमाण जास्त असेल किंवा ताप असेल तर होऊ शकते. नाहीतर रक्त, एमआरसीपी, तारीख, मग ॲडमिशन, या क्रमाने चालतं. सामान बांधून या, पण दोन-तीन फेऱ्यांची तयारीही ठेवा.

---

सही_शिक्का

कागदांचं मी सांगतो.

तुमच्या कामाची, सरकारी मोफत उपचाराची योजना म्हणजे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २०१२ साली मुंबईसह आठ जिल्ह्यांत 'राजीव गांधी जीवनदायी' या नावाने सुरू झाली, २०१७ मध्ये नाव बदललं. आधी दीड लाखाची मर्यादा होती, आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख. पूर्वी पिवळं आणि केशरी कार्डच चालायचं, आता पांढऱ्यालाही लागू आहे. म्हणजे तुमचं केशरी निःसंशय चालतं. हेल्पलाइन १५५३८८ किंवा १८०० २३३ २२००.

अडचण आहे ती नावाची. आरोग्यमित्र, म्हणजे रुग्णालयात बसणारा या योजनेचा माणूस, रेशनकार्ड आणि आधार शेजारी ठेवून नाव, वय, लिंग ताडून बघतो. 'दत्तात्रेय' आणि 'दत्ताराम' असा फरक असेल, किंवा एकीकडे वडिलांचं नाव आणि दुसरीकडे फक्त आडनाव, तर अर्ज अडकतो. मुंबईत बसून हे दुरुस्त होत नाही. गुहागरच्या तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत जाऊन रेशनकार्डावरचं नाव आधारप्रमाणे करून घ्या, आणि कार्डाचा १२ अंकी ऑनलाइन नंबरही तिथेच मागून घ्या. जुन्या छापील कार्डावर तो नसतो आणि खिडकीवर पहिला प्रश्न त्याचाच येतो. सासऱ्यांच्या आधारला जोडलेला मोबाइल सोबत असलेला बरा. ओटीपी त्यावर येतो. तो नंबर बंद पडला असेल तर अंगठा लागतो, आणि कष्टाच्या हातांचे ठसे मशीनला बऱ्याचदा उमटत नाहीत.

दुसरं असं की योजना नेहमी उपचाराआधी लागते. युनिटचे डॉक्टर प्रोसिजर लिहून देतात, आरोग्यमित्र कागद चढवतो, वरून पूर्वमंजुरी येते, त्यानंतर काम. आधी पैसे भरून नंतर पावत्या दाखवून परतावा घेऊ असं कोणी म्हणत असेल तर ऐकू नका, तशी सोय यात नाही. तातडीच्या केसमध्ये फोनवरून आधी नोंद होते आणि कागद नंतर द्यायची थोडी मुदत मिळते. म्हणून ॲडमिट झाल्याबरोबर, त्याच दिवशी, एका माणसाने आरोग्यमित्राच्या टेबलावर जायचं. दुसऱ्या दिवशी सुट्टी असली तर विशेष करून. आणि प्रोसिजर योजनेच्या यादीत कोणत्या नावाने बसते हे त्यालाच विचारा. ठरलेल्या यादीतल्या उपचारांनाच पैसे मिळतात.

तिसरं, उत्पन्नाचा दाखला. योजनेला तो लागेलच असं नाही, पण मुख्यमंत्री सहाय्यता निधी, ट्रस्टची मदत, धर्मादाय रुग्णालय, सगळीकडे मागतात. तो तहसीलदारांचाच लागतो, म्हणजे गावीच मिळणार. मुदत साधारण ३१ मार्चपर्यंत. मार्चमध्ये काढलेला दाखला एप्रिलमध्ये कागदाचा तुकडा होतो, तेव्हा तारीख बघून काढा.

झेरॉक्स पाच-पाच संच: आधार (पेशंट आणि सोबतचा), रेशनकार्डाची सगळी पानं, चिठ्ठी, जुने रिपोर्ट. मूळ कागद प्लास्टिकच्या फाइलमध्ये वेगळे आणि ते कुणाकडेही ठेवायला द्यायचे नाहीत. प्रत्येक कागदाचा मोबाइलवर फोटो. सोनोग्राफीचा नुसता टाइप केलेला रिपोर्ट आणू नका, फिल्म किंवा सीडीही आणा. प्रोसिजर करणारा डॉक्टर दुसऱ्याने लिहिलेल्या वाक्यांवर थांबत नाही, चित्र स्वतः बघतो. सीडी नसली की तपासणी पुन्हा करायला सांगतात आणि त्यात आठवडा जातो.

केसपेपर पालिकेच्या दराने, म्हणजे अगदी किरकोळ पैशांत निघतो. तपासण्यांनाही ठरलेले दर असतात. जिथे पैसे भराल तिथे छापील पावती मिळते. पावतीशिवाय पैसे मागणारा माणूस रुग्णालयाचा नसतो, मग गळ्यात ओळखपत्र असलं तरी. 'एमआरसीपीची तारीख लवकर लावून देतो' म्हणणारे फाटकाजवळ आणि चहाच्या टपरीवर भेटतात. त्यांना हसून नमस्कार.

---

नाईट_ड्यूटी

वॉर्डातलं मी लिहिते. सगळ्यात जास्त घोटाळा उपाशीपोटाचा होतो, म्हणून तिथूनच.

'उपाशी ठेवा' म्हणजे पोळी-भाजी देऊ नका एवढाच अर्थ नातेवाईक घेतात. भूल किंवा गुंगी द्यायची असते तेव्हा जेवण किमान ६ तास आधी बंद. नुसतं स्वच्छ पाणी साधारण २ तास आधीपर्यंत चालतं, तेही डॉक्टरांनी हो म्हटलं तरच. आणि दूध घातलेला चहा हे पाणी नाही, ते जेवण. पहाटे पाचला 'एक घोट चहाच तर दिला' म्हणून प्रोसिजर रद्द होते, पेशंट यादीत मागे पडतो आणि पुढची तारीख चार दिवसांनी. कारण साधं आहे. गुंगीत पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनियावर जातं, कधी जीवावर बेततं. तंबाखू, मिश्री, पान, चघळायची गोळी, सगळं बंद. मिश्री आवर्जून लिहिते आहे, कारण ती आपल्याकडे कोणी खाण्यात मोजतच नाही.

तुमच्या सासऱ्यांना शुगर आहे, म्हणून दुसरी बाजूही बघावी लागेल. उपाशी ठेवायचं आणि सकाळची शुगरची गोळीही द्यायची, असं झालं तर साखर खाली येते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं बोलणं. आदल्या संध्याकाळीच हाऊसमनना (वॉर्डातले निवासी डॉक्टर) विचारून घ्या: शुगरची गोळी द्यायची का, बीपीची द्यायची का आणि किती पाण्याबरोबर. बीपीची बहुतेक वेळा घोटभर पाण्याबरोबर चालू ठेवतात, शुगरची सहसा थांबवतात. पण तुमच्या पेशंटचं काय ते त्यांच्या तोंडून ऐका आणि तेच करा. रक्त पातळ करायची गोळी (इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन) चालू असेल तर ते पहिल्या ओपीडीतच सांगायचं, ॲडमिशनच्या दिवशी नाही. काही गोळ्या पाच-सात दिवस आधी थांबवाव्या लागतात आणि त्या थांबवल्या नाहीत तर सगळं तेवढंच पुढे जातं. स्वतःच्या मनाने मात्र थांबवू नका. हृदयात स्टेंट असलेल्या माणसाला ते महागात पडतं.

एमआरसीपी म्हणजे एमआरआयच, फक्त पित्तनलिकेचा. चार ते सहा तास उपाशी. अंगावर धातू नको: करदोट्यातला चांदीचा मणी, ताईत, कवळी, कानातली मशीन, सगळं काढून घरच्यांकडे. पेसमेकर असेल, मेंदूत जुनी क्लिप असेल, किंवा आयुष्यभर लेथ नाहीतर वेल्डिंगचं काम करून डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल, तर आधी सांगायचं. आत मशीन मोठ्याने ठोकल्यासारखं वाजतं आणि मधूनमधून श्वास रोखायला सांगतात. ज्यांना श्वास धरता येत नाही त्यांची चित्रं हलतात आणि पुन्हा काढावी लागतात. घरी पंधरा-वीस सेकंद श्वास धरायचा सराव करून घ्या. ऐकायला गंमत वाटते, पण उपयोग होतो.

काविळीची माळ घातली असेल तर त्याबद्दलही. तिच्यात गुंफलेल्या ओल्या काड्या वाळतात, गाठी सैल होतात, म्हणून माळ लांबते. कावीळ 'उतरली' म्हणून नव्हे. खडा अडकून आलेली कावीळ खडा निघेपर्यंत जात नाही. माळ काढायला मी सांगत नाही, माणसाचा विश्वास असतो. पण पोटात झाडपाल्याचा रस किंवा नाकात थेंब गेले असतील तर डॉक्टरांना लाजून लपवू नका. लिव्हरचे आकडे त्यानेही बदलतात.

वॉर्डातली माणसं ओळखा म्हणजे चुकीच्या दारावर थापा मारायच्या नाहीत. औषधं, सलाईन, बेडपॅन, दुखणं, सगळ्याची पहिली तक्रार सिस्टरकडे. ट्रॉली, व्हीलचेअर, पेशंट एक्स-रेला नेणं, हे मामांकडे. साफसफाई मावशींकडे. 'पुढे काय करणार' हा प्रश्न हाऊसमन किंवा रजिस्ट्रारला, आणि तो सकाळच्या राऊंडनंतर. राऊंड चालू असताना पाच नातेवाईकांनी पाच वेळा तोच प्रश्न विचारला की एकालाही धड उत्तर मिळत नाही. घरातला एकच माणूस ठरवा, तोच विचारेल आणि बाकीच्यांना तोच सांगेल.

सलाईनचा चाक फिरवून वेग वाढवू नका. नळीत रक्त वर आलं, हात सुजला, जळजळलं, तर हाक मारा, बस्स. लघवीची पिशवी असेल तर ती नेहमी कमरेखाली, पण जमिनीला टेकलेली नको. ट्रॉलीवर नेताना पिशवी पोटावर ठेवतात, ती सर्वात मोठी चूक. लघवी उलटी आत जाते.

भेटायला येणाऱ्यांनी पलंगावर बसू नये. फुलं नकोत, लहान मुलं नकोत, सर्दी-खोकला असलेले नकोत. आणि डायबेटीसच्या माणसाला नारळपाणी, केळी, पेढे घेऊन येणाऱ्या आत्यांना कृपया जिन्यातच थांबवा.

---

गुहागरची_सून

सगळ्यांचे खूप आभार. रेशनकार्डाचं उद्याच बघते. दोन प्रश्न राहिले. सोबत मी एकटी आले तर चालेल का? मिस्टर बोटीवर आहेत. आणि दादरला उतरू की परळला?

---

लालबाग_पत्ता

दादरला. चिपळूणला रात्री कोकणकन्या किंवा तुतारीत बसलात की सकाळी लवकर दादर. परळला लांब पल्ल्याच्या गाड्या थांबत नाहीत. लोकल बदलून परळला उतरायचं म्हणजे अशक्त माणसाला पुलाचे जिने चढवायचे, ते कशाला? दादरला पूर्वेच्या बाजूला बाहेर पडा आणि काळी-पिवळी घ्या. रिक्षा शोधत बसू नका, मुंबई शहरात माहीम-सायनच्या अलीकडे रिक्षाला परवानगीच नाही. अंतर दोन-अडीच किलोमीटरचं. टॅक्सीचं किमान भाडं ३१ रुपये, त्याच्या थोडं वर होईल. मीटर टाकायला सांगा. 'केईएम, आचार्य दोंदे मार्ग' एवढं पुरे. टाटा, वाडिया आणि केईएम एकमेकांना लागून आहेत, त्यामुळे नुसतं 'परळचं हॉस्पिटल' म्हटलं तर टॅक्सीवाला टाटासमोर सोडायची शक्यता जास्त.

पश्चिमेला चुकून उतरू नका हे ठळक करायचं कारण असं की एल्फिन्स्टनचा वाहनांचा पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडकामासाठी बंद झाला. त्या बाजूने आलात तर टिळक पूल किंवा करी रोडकडून वळसा पडतो. प्रभादेवी स्टेशनला उतरणाऱ्यांनी पादचारी पुलाने चालत पूर्वेला यावं.

पावसाळ्यात यायचं झालं तर हिंदमाताचं नाव लक्षात ठेवा. दादर ते परळ याच रस्त्यावर ते येतं, आणि जोराचा पाऊस आणि भरती एकत्र आली की टॅक्सीवाले त्या बाजूला यायला नको म्हणतात. तशी हवा असेल तर दादरला फलाटावर बसून राहण्यापेक्षा पहाटेच निघून रुग्णालयात पोचलेलं बरं.

एकटं येण्याबद्दल: नका. आणि यायचंच तर पुतण्याची निदान रात्रीची सोय लावा. पुरुषांच्या वॉर्डात रात्री सोबतीला पुरुषच लागतो, बाईमाणसाला थांबू देत नाहीत. एका पेशंटमागे साधारण दोन पास मिळतात. भेटीची वेळ संध्याकाळची असते, आणि पासवर छापलेली वेळ हीच खरी. पास हरवला की सुरक्षारक्षकाशी हुज्जत घालून उपयोग नाही, वॉर्डातून सिस्टरची सही घेऊन दुसरा काढावा लागतो. पासचाही मोबाइलवर फोटो काढून ठेवा, निदान नंबर तरी सांगता येतो.

दिवसाही दोन माणसं लागतातच. एक पेशंटजवळ आणि एक पळायला: रक्ताची बाटली प्रयोगशाळेत, रिपोर्ट आणायचे, औषधाची चिठ्ठी, आरोग्यमित्र. हे 'पळणं' वर्णन करून समजत नाही. इमारती जुन्या-नव्या, जिने अनेक, पायात चप्पल नको, बूट असू द्यात.

राहायचं म्हणाल तर परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन आहे. दादर पूर्वेला संत गाडगे महाराज धर्मशाळा आहे, ती मुख्यतः टाटाच्या कॅन्सर पेशंटसाठी. दोन्हीकडे रुग्णालयाची चिठ्ठी लागते आणि जागा बहुतेक भरलेल्या असतात. आधी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जा आणि तिथल्या सोशल वर्करकडून चिठ्ठी घ्या. औषधांसाठी ट्रस्टची मदत हवी असली तरी तीच खिडकी. माझं मत विचाराल तर तुमच्या केसमध्ये दिव्याला उतरणं शहाणपणाचं नाही. सकाळी साडेसातच्या रांगेसाठी दिव्याहून पेशंटला लोकलमध्ये चढवायचं म्हणजे काय ते दिव्याची माणसं सांगतील.

सोबत आणायचं: दोन चादरी, ताट-वाटी-पेला, थर्मास, टॉर्च, पॉवर बँक (भिंतीवरचे प्लग मशीनसाठी असतात), छोटं कुलूप, आणि पिशवीवर पेशंटचं नाव आणि वॉर्ड नंबर मार्करने मोठ्या अक्षरात.

---

सही_शिक्का

एक दुरुस्ती नाही, पण भर. तारीख खूप लांबची मिळाली आणि कावीळ वाढत चालली, तर ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांचा पर्याय हातात असू द्या. मुंबईतल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. उच्च न्यायालयाने मंजूर केलेली ती योजना २००६ पासून आहे, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातलं कलम ४१ कक. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनसाठी १ लाख ८० हजार, दुर्बलसाठी ३ लाख ६० हजार. म्हणूनच तहसीलदारांचा दाखला गावाहूनच आणा असं म्हणालो. तिथे स्वागतकक्षात 'खाट आहे का' असं विचारू नका, ते पैसे भरणाऱ्यांच्या खाटा सांगतात. 'धर्मादाय योजनेचा सोशल वर्कर कुठे बसतो' असं विचारा. रिकाम्या खाटांची माहिती धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर दिसते. तातडीच्या पेशंटला निदान स्थिर होईपर्यंत उपचार द्यावेच लागतात, अनामत रकमेसाठी दारात थांबवता येत नाही.

मुख्यमंत्री निधीचे पैसे रुग्णालयाच्या खात्यात जातात, तुमच्या नाही, आणि झालेल्या खर्चासाठी मिळत नाहीत. केईएममध्ये योजना लागली तर त्याची गरजच बहुधा पडणार नाही.

---

लाल_पिशवी

रक्ताबद्दल कुणी लिहिलं नाही. ईआरसीपीला रक्त लागेलच असं नाही, पण काविळीत रक्त गोठायला वेळ लागतो (रक्त गोठण्याच्या तपासणीतला आयएनआर हा आकडा वाढतो), तेव्हा व्हिटॅमिन के देतात किंवा प्लाझ्मा आणायला सांगतात. चिठ्ठीवर नेमकं काय लिहिलंय ते वाचा, कारण लाल पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट या तिन्ही वस्तू वेगवेगळ्या तऱ्हेने न्यायच्या असतात. लाल पेशींची पिशवी थंड डब्यात, पण बर्फाला थेट चिकटलेली नको, गोठली तर पेशी फुटतात. प्लाझ्मा वितळवून दिला की लगेच चढवायचा, वाटेत चहा प्यायला थांबायचं नाही. आणि प्लेटलेट कधीही बर्फात नाही. त्या २० ते २४ अंशांवर, हलवत्या मशीनवर ठेवलेल्या असतात. घाबरून बर्फाच्या डब्यात घातल्या की कामातून जातात. त्यांचं आयुष्यच मुळी पाच दिवसांचं.

'आधी बदली रक्तदाता आणा' असं कुणी म्हटलं तर तो नियम नाही, पण पुतण्याच्या मित्रांनी रक्त दिलं तर पेढीला मदतच. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५, दोन रक्तदानांमध्ये पुरुषांना तीन महिने, बायकांना चार. उपाशीपोटी देऊ नये. इथे उपासाचा नियम उलटा आहे.

क्रॉसमॅचच्या (पेशंटचं रक्त पिशवीतल्या रक्ताशी जुळवून बघायच्या) नमुन्याच्या बाटलीवर नाव, वय, वॉर्ड, केसपेपर नंबर बरोबर आहे का, हे नेणाऱ्यानेही वाचून बघावं. लेबलात एक अक्षर चुकलं तरी पेढी नमुना परत पाठवते, आणि ती पाठवते ते बरोबरच करते.

---

भोईवाडा_नाका

डिस्चार्जचं राहिलं. ईआरसीपीनंतर सहसा रात्रभर तरी ठेवून घेतात. घरी गेल्यावर पोट पाठीकडे जाईल असं जोरात दुखलं, थंडी-ताप आला, किंवा शी डांबरासारखी काळी झाली, तर कुठलीही वाट न बघता कॅज्युअल्टी. स्वादुपिंडाला सूज किंवा आतला रक्तस्राव असू शकतो.

डिस्चार्ज कार्ड हातात आलं की सही करायच्या आधी चार गोष्टी वाचा: निदान, केलेली प्रोसिजर, घरी घ्यायच्या गोळ्या किती दिवस, आणि पुढच्या ओपीडीची तारीख. ती तारीख तुमच्याच युनिटच्या वारी पडते ना, कॅलेंडर काढून बघा. घाईत बुधवारऐवजी गुरुवार लिहिला जातो आणि तुम्ही गुहागरहून फुकट येता.

पाचवी गोष्ट कार्डावर बारीक अक्षरात असते आणि तीच लोक विसरतात. खडा निघाला की कधीकधी नलिकेत प्लास्टिकचा स्टेंट ठेवतात. हा हृदयातल्यासारखा कायमचा नाही. साधारण तीन महिन्यांच्या आत काढावा किंवा बदलावा लागतो, कारण तो आतून तुंबतो आणि पुन्हा कावीळ, पुन्हा ताप. पेशंटला बरं वाटत असतं, भूक लागलेली असते, भातलावणी सुरू झालेली असते, म्हणून कोणी येत नाही. 'स्टेंट ठेवलाय का, आणि असेल तर कोणत्या तारखेला काढायचा' हा प्रश्न तोंडाने विचारा, उत्तर कार्डावर लिहून घ्या, आणि ती तारीख पुतण्याच्या मोबाइलमध्येही टाका. पित्ताशय काढायचं ऑपरेशन सर्जरीवाल्यांकडून कधी, हेही त्याच दिवशी विचारून घ्या. खडे बनवणारी पिशवी अजून आतच आहे.

---

गुहागरची_सून

स्टेंटचं माहीतच नव्हतं. पुतण्याला रात्रीसाठी तयार केलंय. रेशनकार्डाचं काम झालं की तिकीट काढते.

---

नाईट_ड्यूटी

मिश्रीची डबी मात्र घरीच ठेवून या, ताई. उशीखाली हमखास सापडते.